घरात रेकॉर्ड केलेला रॅप: मिक्सिंग-मास्टरिंगबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत दहा बाय बाराच्या खोलीत मी पोरांची गाणी मिक्स करतो. लातूर, नांदेड, जालना, बीडकडून येणारे मेसेज उघडले की प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली. आकडे सुरुवात करायला दिलेत; कानाला पटलं नाही तर खुशाल बदला. माझा हट्ट एकच: रॅपमधला शब्द पहिल्यांदा ऐकणाऱ्यालाही कळला पाहिजे.

१. मिक्सिंग आणि मास्टरिंग वेगळं असतं का? दोन्ही करावंच लागतं का?

वेगळं असतं. मिक्सिंगमध्ये बीट (मागचं संगीत), मुख्य आवाज, डबल (तीच ओळ दुसऱ्यांदा गायलेली), अ‍ॅडलिब (मधेमधे टाकलेले हाक-हुंकार) हे सगळे ट्रॅक सुटे असतात आणि कोण पुढं, कोण मागं, कोण डावीकडं हे ठरतं. मास्टरिंगला हातात एकच स्टिरिओ फाइल असते. तिचा एकूण रंग आणि जोर ठरवून ती बाहेर पाठवण्याजोगी करायची, एवढंच काम. "आवाज दबलाय, मास्टरिंगमध्ये वर काढ" असं सांगणारे बरेच भेटतात. तोवर आवाज बीटमध्ये मिसळून गेलेला असतो. आधी मिक्स दुरुस्त करा.

२. माइक नाही, मोबाइलवर रेकॉर्ड केलं तर चालंल का?

पहिल्या चार-पाच गाण्यांना चालंल. फोन एअरप्लेन मोडवर टाका, तोंडापासून वीत-दीड वीत लांब आणि थोडा बाजूला ठेवा. वेव्ह फाइल देणारं रेकॉर्डिंग अ‍ॅप घ्या आणि आवाज आपोआप वर-खाली करणारी सेटिंग सापडली तर बंद करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर मात्र गाऊ नका. ती फाइल इतकी आवळलेली असते की ईक्यू (आवाजाच्या खालच्या-वरच्या पट्ट्या कमीजास्त करणं) लावायला गेलं तर खरखरच वर येते.

माइक घ्यायचाच असेल तर आधी घर बघा. कंडेन्सर माइक बारकावे छान पकडतो, पण शेजारचा कूलर, गल्लीतला भोंगा आणि कोंबडाही तितकाच छान पकडतो. त्याला बहुधा इंटरफेसमधून (माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या पेटीतून) ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे माइकच्याच वायरमधून जाणारी वीज, लागते. रस्त्यालगतचं किंवा पत्र्याचं घर असेल तर मी डायनॅमिक माइक सुचवतो. तो तोंडाजवळ धरायचा असतो, त्यामुळं खोली कमी ऐकू येते. फक्त त्याला गेन (माइकचा आवाज वाढवणं) जास्त लागतो. अगदी स्वस्त इंटरफेसवर तेवढा गेन दिला की सूं आवाज येतो.

३. पत्र्याच्या खोलीत आवाज घुमायलाय. अंड्याचे ट्रे लावू का?

नका लावू. अंड्याचा ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. वरच्या पट्टीतली थोडी चमक तो खाईल. आवाजाला पिंपात बोलल्यासारखं करणारा खालचा भाग तसाच राहील.

खोलीत उभं राहून जोरात टाळी वाजवा. मागं टर्रर्र असा शेपटा ऐकू आला तर आवाज समोरासमोरच्या दोन कडक पृष्ठभागांत, म्हणजे पत्रा आणि फरशी किंवा भिंत आणि भिंत यांत, आपटतोय. उपाय घरातच असतो: गोधडी, वाकळ, कापसाची गादी. सगळेजण गादी माइकच्या मागं लावतात. घरगुती रॅपला लागणारे माइक बहुधा कार्डिऑइड असतात, ते समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं फार कमी. माइकच्या समोर तुम्ही आणि तुमच्या पाठची भिंत आहे. म्हणून पहिली गादी तुमच्या पाठीमागं, मग दोन्ही बाजूंना. भिंतीला चिकटवण्यापेक्षा चार बोटं अंतर सोडून टांगली तर जास्त काम करते. पत्र्यासाठी माझा आवडता जुगाड म्हणजे बाजेवरच्या मच्छरदाणीचा सांगाडा: त्यावर दोन जाड गोधड्या टाका आणि खाली बसून गा.

खोली चौरस असेल तर त्रास वाढतो. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीत ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर दोन्ही दिशांनी एकाच जागी फुगतो. त्याची दुप्पट ११२ हर्ट्झ, म्हणजे पुरुषी आवाजाच्या पायातच. अशा खोलीत मधोमध उभं राहू नका, थोडं सरका.

वेळेचंही बघा. दिवस मावळल्यावर पत्रा गार होताना तडतडतो आणि तो 'टक्' नेमका चांगल्या टेकमध्ये येतो. मे महिन्यात पंखा बंद करून रेकॉर्डिंग म्हणजे अंघोळच, पण पंखा बंदच हवा. पहाटे साडेचार ते सहा ही आमच्याकडची सगळ्यात शांत वेळ. काकड्याचा स्पीकर मंदिरावर नसेल तर.

४. लेव्हल किती ठेवायची? लाल दिव्याच्या जवळ नेली तर आवाज भारी येतो म्हणतात.

ते टेपच्या जमान्यातलं. २४ बिटवर रेकॉर्ड करा, सॅम्पल रेट ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यात जोरात ओरडलेली ओळ -१० ते -६ डीबीच्या (शून्य म्हणजे लाल दिवा) दरम्यान राहील एवढाच गेन द्या. २४ बिटमध्ये इतकी जागा असते की हळू आवाज नंतर वाढवला तरी बिघडत नाही. फाटलेला आवाज मात्र पूर्ववत होत नाही. गेन ठरवताना हळू आवाजात "हॅलो, चेक" म्हणू नका, गाण्यातली सगळ्यात तापलेली ओळ म्हणा.

५. चार्जर लावला की गुंईऽऽ असा आवाज यायलाय.

आपल्या विजेची कंपनसंख्या ५० हर्ट्झ. ती आणि तिच्या पटी, १००, १५०, रेकॉर्डिंगमध्ये शिरतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा. निम्म्या लोकांचा प्रश्न तिथंच मिटतो. नाही मिटला तर लॅपटॉप आणि इंटरफेस एकाच बोर्डावर घ्या आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग आहेत. जिवाशी खेळ आहे तो. साधा इन्व्हर्टर चालू असताना वेगळी, जास्त करकरीत घरघर येते. लोडशेडिंगच्या वेळी इन्व्हर्टरही बंद करून बॅटरीवर गायलेले टेक मला सगळ्यात स्वच्छ मिळालेत.

६. हेडफोनमध्ये माझाच आवाज उशिरा ऐकू येतो आणि ताल चुकतो.

ब्लूटूथ हेडफोन असेल तर आधी तो बाजूला ठेवा, वायरचा लावा. मग बफर (लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा हाताळतो ती सेटिंग) कमी करा: ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका फेरीला सुमारे २१ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे तीनच्याही आत. विंडोजवर इंटरफेसचा स्वतःचा असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) घाला. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (आवाज लॅपटॉपमधून न फिरवता थेट हेडफोनला देणारं) बटण असेल तर ते दाबलं की प्रश्नच संपला. मिक्सिंगला बसल्यावर बफर परत वाढवा.

७. आवाज बीटच्या मागं राहायलाय. वाढवला तर वरून चिकटवल्यासारखा वाटतो.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कारण बहुतेक वेळा बीटमध्ये असतं. नेटवरून घेतलेला दोन ट्रॅकचा (म्हणजे सगळी वाद्यं एकाच स्टिरिओ फाइलमध्ये असलेला) बीट आधीच मास्टर केलेला, शून्याला टेकलेला असतो. त्यात आवाजाला जागाच नाही. म्हणून पहिलं काम, बीटचा फेडर ६ ते ८ डीबी खाली. कानाला सपक वाटेल, पण मोठेपणा शेवटी परत आणता येतो (प्रश्न १५).

मग बीटवर ईक्यू लावून २ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान दोन-तीन डीबी रुंद खळगा करा. शब्दांची व्यंजनं तिथं कळतात आणि सिंथ, स्नेअर, गिटारही तिथंच गर्दी करतात. त्याहून चांगला मार्ग डायनॅमिक ईक्यूचा: आवाज आला की तेवढ्यापुरता खळगा पडतो, थांबला की बीट परत भरतो. टीडीआर नोव्हा हे फुकट प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये बसणारं छोटं साधन) हे काम करतं. साइडचेनला, म्हणजे कधी दबायचं हा इशारा देणाऱ्या वाटेला, मुख्य आवाज द्यायचा.

आवाजाच्या बाजूनं २०० ते ४०० हर्ट्झमधला गाळ दोन-तीन डीबी काढा. माइक अगदी ओठांना लावून गायलं की कार्डिऑइड माइक खालची पट्टी फुगवतो. एकट्यानं ऐकताना ते भारदस्त वाटतं आणि बीटमध्ये तोच आवाज बुडतो.

लेव्हल ठरवताना सगळं मोनो (दोन्ही स्पीकरला एकच आवाज) करा आणि स्पीकर इतका हळू ठेवा की शेजारच्या खोलीतलं बोलणं ऐकू यावं. त्या आवाजात ओळ कळली तर लेव्हल बरोबर. आणि गाणं न ऐकलेल्या माणसाला ऐकवा. तुम्हाला शब्द पाठ असतात, त्यामुळं तुमचे कान तुम्हाला फसवतात. मी आमच्या आईला ऐकवतो. "काय म्हणलं त्यानं?" असं तिनं विचारलं की परत खोलीत.

८. प्लगइनचा क्रम काय ठेवू?

मी ठेवतो तो असा: आधी हातानं साफसफाई, मग सूर दुरुस्ती असेल तर ती, मग गाळ काढणारा ईक्यू, पहिला कम्प्रेसर (जोराचे शब्द दाबून आवाज एकसारखा ठेवणारा), डी-एसर (टोचणारे स, श दाबणारा), दुसरा हलका कम्प्रेसर, रंग भरणारा ईक्यू आणि सर्वात शेवटी थोडं सॅचुरेशन (आवाज किंचित फाडून ऊब आणणं). रिव्हर्ब (घुमारा) आणि डिले (प्रतिध्वनी) वेगळ्या सेंडवर, म्हणजे मूळ आवाज तसाच ठेवून बाजूच्या ट्रॅकवर.

क्रमाला कारण आहे. ८० ते १०० हर्ट्झच्या खालची धपधप आधी हाय-पासनं (खालची पट्टी कापणाऱ्या फिल्टरनं) काढली नाही तर कम्प्रेसर शब्दाऐवजी त्या धपकीवर दबतो. सूर ओळखणाऱ्या प्लगइनला कोरा, एकटा आवाज लागतो, म्हणून ते वर. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधली सोबत मिळणारी प्लगइन या सगळ्याला पुरतात आणि रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं. मोबाइलवाल्यांना बँडलॅब अ‍ॅप. यूट्यूबवर बघून वीस प्लगइनची साखळी कॉपी करणाऱ्यांना माझा सल्ला: एकेक बंद करून ऐका. ज्याच्या जाण्यानं फरक कळत नाही, ते काढा.

९. कम्प्रेसर नेमका कसा लावायचा?

कम्प्रेसरच्या आधी माउस हातात घ्या. ओरडलेला शब्द क्लिप गेननं खाली, पुटपुटलेला वर. सोळा ओळींना वीस मिनिटं लागतात, पण त्यानंतर कम्प्रेसरला अर्धंच काम उरतं.

मग रेशो (किती दाबायचं) ३:१ किंवा ४:१, आणि थ्रेशोल्ड (कुठल्या पातळीपासून दाबायचं) इतका खाली की जोराच्या शब्दावर ४ ते ६ डीबी दबेल. खरी गंमत अटॅकमध्ये, म्हणजे तो किती लवकर दाबायला लागतो त्यात. अटॅक एक मिलिसेकंदाच्या आत नेला तर शब्दाच्या तोंडावरचा क, ट, ड चिरडतो आणि रॅप गुळगुळीत होतो. ५ ते १५ मिलिसेकंद ठेवला तर व्यंजन निसटून पुढं येतं आणि मागचा स्वर दबतो. आपल्या बोलीत ट-ठ-ड-ढ आणि ळ-ण भरपूर. ते ठोके निसटू द्यायचे. रिलीज (दाब सोडायला लागणारा वेळ) ४० ते ८० मिलिसेकंदांपासून सुरू करा. फ्लो फार वेगाचा असेल तर रिलीज लवकरचा हवा, नाहीतर कम्प्रेसर एका शब्दातून सुटायच्या आत पुढचा येतो.

एकाच कम्प्रेसरला १२ डीबी दाबायला लावण्यापेक्षा दोघांत वाटून द्या.

१०. स, श, च कानाला टोचतात. भ, फ, प आले की धप्प होतं.

हे दोन वेगळे आजार आहेत. टोचणं साधारण ५ ते ८ किलोहर्ट्झमध्ये असतं, मुलींच्या आवाजात बऱ्याचदा त्याच्याही वर. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये डी-एसर फक्त 'स'साठी लावतात. मराठीत 'च' दोन आहेत: 'चार'मधला वेगळा, 'चूल', 'चोर'मधला वेगळा. दुसऱ्याच्या पोटात 'स' लपलेला असतो आणि 'जागा'मधल्या 'ज'च्या पोटात 'झ'सारखी झिणझिण. डी-एसर 'स'वर घट्ट बसवला की तो या दोघांनाही चावतो आणि 'चोर' अर्धा गिळल्यासारखा ऐकू येतो. म्हणून डी-एसर ३ ते ४ डीबीवर थांबवा आणि उरलेले टोचणारे स, श वेव्हफॉर्ममध्ये शोधून हातानं खाली करा. वेव्हफॉर्ममध्ये ते माशाच्या आकाराचे, दाट दिसतात. दोन गाण्यांत नजर बसते. 'सासरा' ऐकताना 'थाथरा' वाटला तर फार झालं, मागं या.

भ, फ, ध हे महाप्राण. त्यांच्यासोबत खरोखर हवेचा झोत बाहेर पडतो. तो माइकच्या पडद्यावर आदळायच्या आधीच अडवा: पॉप फिल्टर, नाहीतर तारेच्या कड्यावर ताणून बसवलेली जुनी ओढणी. माइक तोंडाच्या रेषेत न ठेवता गालाच्या बाजूला थोडा तिरका ठेवला तरी फरक पडतो. रेकॉर्ड झालाच असेल तर फक्त त्या अक्षरापुरता हाय-पास १५० हर्ट्झपर्यंत चढवा. पूर्ण ट्रॅकवर लावला तर आवाज बारीक होईल.

११. डबल आणि अ‍ॅडलिब किती घालू? तोच ट्रॅक कॉपी केला तर?

कॉपी केलेला ट्रॅक डबल होत नाही. जागच्या जागी आवाज ६ डीबी वाढतो, बस. काही मिलिसेकंद सरकवला तर मूळ आवाजातल्या काही पट्ट्या कापल्या जातात आणि तो डब्यात गेल्यासारखा होतो. डबल पुन्हा गाऊनच घ्यायचा. ओळीच्या शेवटच्या दोन-तीन शब्दांवर आणि यमकावर पुरतो, मुख्य आवाजापेक्षा ६ ते १० डीबी खाली. त्याचे स आणि च सरळ कापून टाकले तरी चालतात, नाहीतर दोन तोंडांचा फुसफुसाट होतो. हुकला (गाण्यात परत परत येणाऱ्या ओळींना) दोन डबल, एक डावीकडं, एक उजवीकडं. अ‍ॅडलिबला २५० हर्ट्झखालचं आणि ५ किलोहर्ट्झवरचं काढून कडेला ठेवा. "हौ भावड्या" मुख्य ओळीवर चढलं की दोन्ही वाया.

१२. ऑटोट्यून लावू का?

अँटारेस कंपनीनं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आणलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड त्याआधी तेलाच्या शोधासाठी जमिनीतले कंपनलहरींचे संकेत तपासायचे. तेच गणित गळ्याला लावलं. सरळ बोलल्यासारख्या रॅपला ते नको. बोलण्यातला चढउतार ओढून जवळच्या सुराला बांधला की माणूस मशीन होतो. हुकला लावा, पण आधी बीटची पट्टी शोधा आणि प्लगइनमध्ये तीच घाला. हुकमध्ये भजनासारखी मींड असेल तर रिट्यूनचा (सूर ओढून जागेवर आणण्याचा) वेग हळू ठेवा, नाहीतर मींडीच्या पायऱ्या होतात.

१३. रिव्हर्ब, डिले किती?

रॅपला कमी. ६०००० भागिले बीपीएम (मिनिटाला पडणारे ठोके) केलं की एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. ९० बीपीएमला ६६७, त्याच्या निम्मे ३३३. डिले तेवढा ठेवा आणि फक्त ओळीच्या शेवटच्या शब्दावर सोडा. रिव्हर्ब छोटा, वीस-तीस मिलिसेकंद प्री-डिले (शब्दानंतर घुमारा सुरू होईपर्यंतचं अंतर), आणि सेंडवर ३०० हर्ट्झखालचं काढलेलं. खोली आधीच घुमत असेल (प्रश्न ३) तर रिव्हर्बनं ती झाकत नाही, दुप्पट होते.

१४. बीटमध्ये हलगी आणि संबळ आहे. त्यात शब्द हरवायलेत.

हलगीचा ठोका क्षणभराचा पण फार टोकदार, आणि शब्द जिथं कळतात तिथंच तिची काडी वाजते. हलगीवर अटॅक अगदी जलद ठेवलेला कम्प्रेसर किंवा ट्रान्झियंट (ठोक्याचं पहिलं टोक) कमी करणारं प्लगइन लावून टोक बोथट करा, मग आवाजाच्या साइडचेननं तिला दोन डीबी दाबा. हलगी स्वतः रेकॉर्ड करत असाल तर माइक तीन-चार फूट लांब ठेवा आणि सगळे टेक एका दमात घ्या. शेकलेली हलगी गार होत जाते तसा तिचा ताण उतरतो. पहिल्या आणि दहाव्या टेकचा सूर जुळत नाही.

संबळीची दोन भांडी म्हणजे दोन वाद्यं समजा. खाली घुमणारं ८०८ शी (रॅपच्या बीटमधल्या खोल, लांबणाऱ्या बेसशी) भांडतं, वर झणकणारं आवाजाशी. सुटे ट्रॅक नसतील तर डायनॅमिक ईक्यूशिवाय इलाज नाही (प्रश्न ७).

१५. मास्टर किती मोठा करू? -१४ च पाहिजे म्हणतात.

एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण -१४ ला आणून वाजवतं. यूट्यूबही तिथवर खाली आणतं, पण हळू गाणं वर चढवत नाही. अ‍ॅपल म्युझिकचा साउंड चेक -१६ धरतो. याचा अर्थ -१४ लाच मास्टर करा असा होत नाही; त्याहून मोठं गाणं ते फक्त खाली करतात. रॅप मी -९ ते -१० ला ठेवतो, कारण ब्लूटूथ स्पीकरवर आणि मित्राच्या पेनड्राइव्हवर ही बरोबरी कोणी करून देत नाही. पण -६ ला नेलेलं गाणं स्पॉटिफायवर खाली आलं की फक्त चपटेपणा उरतो.

लिमिटरची (ठरलेल्या पातळीवर आवाज जाऊ न देणाऱ्या प्लगइनची) कमाल -१ डीबी ट्रू पीकवर, म्हणजे आवाजाच्या खऱ्या टोकावर, ठेवा; एमपीथ्री किंवा तत्सम फाइल बनताना टोकं वाढतात. मोजायला युलीन लाउडनेस मीटर फुकट आहे. आणि लिमिटर ४-५ डीबीपेक्षा जास्त दाबतोय, तरी गाणं मोठं वाटत नाही, तर दोष मिक्समध्ये आहे. बहुधा ८०८ जास्त आहे.

१६. हेडफोनवर भारी वाजतं, पण मोबाइलवर ८०८ गायब आणि डीजेवर नुसता गोंधळ.

मोबाइलचा स्पीकर ५० हर्ट्झ वाजवूच शकत नाही. ८०८ ला सॅचुरेशन दिलं की त्याच्या वरच्या पटी तयार होतात आणि कान खालचा सूर त्यावरून ओळखतो. डीजेवर उलटा प्रकार: १०० हर्ट्झखालचं सगळं मोनो ठेवा आणि किक-८०८ एकाच वेळी वाजू देऊ नका. माझी तपासणी ठरलेली आहे: मोबाइल, वायरचे इयरफोन, ओळखीच्या भावाची ऑटो, आणि जमलं तर ट्रॅक्टरचा टेप. इंजिन चालू असताना.

१७. यूट्यूबवरचा 'फ्री' बीट घेतलाय. काही अडचण?

दोन आहेत. 'फ्री' म्हणजे बऱ्याचदा कमाई न करता वापरायला मोकळा. गाणं डिस्ट्रिब्युटरकडून (गाणी अ‍ॅपवर चढवणाऱ्या कंपनीकडून) टाकलं की कंटेंट आयडीचा (यूट्यूबच्या हक्क तपासणाऱ्या यंत्रणेचा) दावा येऊ शकतो. बीटच्या खालचं वर्णन वाचा, निर्मात्याला विचारा, भाड्यानं घेतला तर अटींची प्रत ठेवा. दुसरी अडचण मिक्सिंगची: यूट्यूबवरून उतरवलेल्या फाइलचे हाय-हॅट पाण्यात वाजल्यासारखे येतात आणि ते सुधारत नाही. निदान वेव्ह घ्या. पैसे असतील तर सुटे ट्रॅक. प्रश्न ७ मधली अर्धी कसरत वाचते. एआयनं बीट सुटा करून घेतात तो शेवटचा पर्याय, झांजांवर त्याचे ओरखडे राहतात.

१८. बाहेरच्या माणसाकडं मिक्सला पाठवताना काय काय द्यायचं?

प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या शून्यापासून सुरू होणारी २४ बिट वेव्ह फाइल, कोरी, प्लगइन न लावलेली. सोबत तुमचा कच्चा मिक्स, बीपीएम, पट्टी, आणि जवळ जाणारं एखादं गाणं. फोल्डर झिप करून ड्राइव्हवर टाका.

आणि बोल लिहून द्या. हे कोणी देत नाही. माझं सुरुवातीचं एक गाणं मी बाहेरच्या एका स्टुडिओला दिलं होतं. तिथल्या माणसानं आवाजावर कडक नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं प्लगइन) लावला. गेट शब्दाची शेपटी कापतं, आणि आमच्या बोलीचं क्रियापद शेपटीतच असतं. 'पाऊस पडायलाय'चं 'पाऊस पडाय' झालं, 'करायलेत'चं 'कराय'. त्याला आमची बोली माहीत नव्हती, त्यामुळं काही कापलंय हे त्याला कळलंच नाही. आता मी गेट लावतच नाही. दोन शब्दांमधली शांतता हातानं कापतो, आणि बाहेर पाठवताना कागदावर शेवटच्या अक्षराखाली रेघ मारून देतो.